घासाला घास

पेटंट संपलं, देशी कंपन्यांची इंजेक्शनची पेनं बाजारात आली, आणि आमच्या ऑफिसात वजनाच्या सुईचा विषय चहाबरोबर रोज निघायला लागला. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. ही सुई महाग होती तेव्हापासून मी घेते, म्हणून सगळे माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात. विचारायचं काय, तर हे काम कसं करतं आणि पडतं कितीला. मी सांगते. फुकटचं ज्ञान द्यायला माझं काय जातंय? पण त्या सुईपायी घरात जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जिवावर बेतलं होतं ते.

आधी माझं सांगते. माझं वजन किती होतं ते विचारू नका, सांगणार नाही. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी आडवी होऊन उतरायची, एवढं पुरे. साखर होतीच, त्यात उजव्या गुडघ्यानं राम म्हटला. हाडांच्या डॉक्टरनं एक्सरे बघितला, मग मला बघितलं, आणि म्हणाला, “आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू.” चालता येत नाही म्हणून वजन वाढतंय आणि वजन आहे म्हणून गुडघा दुरुस्त करत नाहीत. डोक्यात अशी तिडीक गेली की फाईल तिथंच टाकून यावं वाटलं. पण टाकून जाणार कुठं? घरात मी आणि आबा, दोघंच. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारेही आता थकलेत.

आबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. रिटायर झाल्यावर माझ्याकडं सोलापूरला आले, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. आई त्याच्या कितीतरी आधी, कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्येच गेली. जठराचा कॅन्सर होता.

हाडांच्या डॉक्टरनंच मला सात रस्ता चौकाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. बाई तरुण, पण समजावून सांगायची हौस दांडगी. म्हणाल्या, “आपण जेवलो की आतड्यातून एक हार्मोन सुटतं. ते मेंदूला कळवतं की झालं, आता बास. जठराला सांगतं की सावकाश रिकामं हो. साखर वाढलेली असली तर स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं. पण अंगातलं हे हार्मोन दोन-चार मिनिटांत विरून जातं. औषध त्याच्यासारखंच बनवलंय, फक्त आठवडाभर टिकेल असं. म्हणून सुई आठवड्यातून एकदाच.”

“म्हणजे चरबी जाळत नाही?” मी विचारलं.

“नाही हो. भूक कमी करतं. तुम्ही कमी खाल, म्हणून वजन उतरेल. औषध सोडलंत की भूक परत येते, आणि बहुतेकांचं वजनही परत येतं.”

डोस लहानापासून सुरू करायचा, महिन्यामहिन्यानं वाढवायचा. मळमळ होईल, उलटी होईल, पोट साफ होणार नाही. पोटात सहन होणार नाही असं दुखलं तर धावत या, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. डाळी, अंडी, मटण खा, नाहीतर चरबीबरोबर मांसही झडतं. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर?”

“आईला होता. पण जठराचा.”

“तो वेगळा. त्याचा इथं संबंध नाही,” म्हणत त्या पुढच्या प्रश्नाकडं वळल्या. त्यांचं बरोबरच होतं. तरी माझी आई त्यांनी इतक्या पटकन ओलांडली ते मला आवडलं नाही.

किंमत तेव्हा महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास. डोस वाढला की अजून वर. विमा कंपनी यात एक रुपया देत नाही, जाड असणं हा त्यांच्या लेखी आजारच नाही. मेडिकलवाल्यानं बिल करताना मला वरपासून खालपर्यंत बघितलं, ही बाई एवढे पैसे भरून काय करणार असं. मी पण त्याच्याकडं तसंच बघितलं. घरी येऊन आबांना सांगितलं तर ते म्हणाले, “न जेवायला पंधरा हजार? मला दे की. मी तुला फुकट उपाशी ठेवतो.”

आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

रविवारी सकाळी सुई टोचायची असं ठरवलं. सुई केसाएवढी, पोटाच्या कातडीत कधी गेली ते कळतही नाही. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. मे महिन्यात आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नसतो. वीज गेली की आबा मला फ्रीजला हात लावू द्यायचे नाहीत. “दार उघडू नको, पंधरा हजार आत हायत,” म्हणायचे आणि वीज येईपर्यंत फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसायचे.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी ऑफिसात बसले होते आणि लक्षात आलं की डोक्यात शांत आहे. लहानपणापासून माझ्या डोक्यात जेवणाची कुजबूज चालू असायची. आता काय खायचं, मग काय खायचं, डब्यात काय आहे, शेजारणीच्या डब्यात काय आहे. बडबड्या शेजाऱ्यांचं घर अचानक गावाला गेल्यासारखं झालं. शेजारच्या टेबलावरची क्लार्क तेलुगू घरातली, मला अक्का म्हणते. तिनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं केली. मी “राहू दे” म्हणाले तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अर्धी भाकरी खाल्ली की बास वाटायचं. जबरदस्तीनं नाही, खरंच बास. मग मी उलट्या हातानं ताट जरा पुढं सारायची. पहिल्यांदा सारलं तेव्हा आबा माझ्या हाताकडं बघत राहिले. “झालं?” म्हणाले. “झालं,” म्हणाले मी. त्यांनी पण हात धुतला.

वजन उतरायला लागलं. साड्यांचे ब्लाउज आत घेतले, मग परत आत घेतले. जिना सरळ उतरायला लागले. “अक्का, लग्न ठरलं काय?” म्हणून चिडवणं सुरू झालं. मी पण म्हणायची, ठरलंय, तुझ्या सासऱ्याबरोबर. दिवस बरे होते. फक्त एकदा वेणी घालताना आरशात बघितलं आणि हातातला कंगवा तसाच राहिला. गाल बसले होते, हाडं वर आली होती, डोळे मोठे दिसत होते. आरशात आई होती. आजारातली आई. धडधाकट आई कशी दिसायची ते मला फोटो बघून आठवावं लागतं, पण ही मात्र न बोलावता आली.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. आम्ही बौद्ध. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याला घास नाही. मेलेलं माणूस परत येत नाही, हे आबांनी मला पोरवयातच बजावून सांगितलं होतं, आणि रेल्वे कॉलनीतल्या बाया अमावस्येच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी ऐटीत उठून यायची. त्यामुळं आरशातल्या बाईचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी वेणी घातली आणि ऑफिसला गेले. त्यानंतर मात्र आरशात फक्त भांगापुरतंच बघायची.

आबांकडं माझं लक्ष नव्हतं. बाईमाणूस बारीक व्हायला लागलं की तिला स्वतःशिवाय काही दिसत नाही असं म्हणा हवं तर. गिरणीवाल्यानं आधी हटकलं. ज्वारीचा डबा त्याच्या हातात दिला तर म्हणाला, “बाई, हल्ली लई दिसांनी येताय. पाहुणे गेले व्हय?” आमच्याकडं पाहुणे नव्हतेच. मी कमी खाते, म्हणून पीठ पुरतंय, असं मी म्हटलं. घरी आले, डबा ठेवला आणि आबांकडं बघितलं. ते खुर्चीत पेपर वाचत होते. सदऱ्याच्या गळ्यातून गळ्याची हाडं दिसत होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडं सरकलं होतं.

मनात पहिलं काय आलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, दुर्बीण घालून जठर बघितलं. रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला. काही निघालं नाही. “खातात किती?” बाईंनी विचारलं. “पोटभर,” आबा म्हणाले. “हिला इचारा की. हिच्यासमोरच बसून खातो.”

माझ्यासमोरच बसून खायचे, हे खरं होतं. मग त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा माझं ताट सोडून त्यांच्या ताटाकडं बघत जेवले.

मी घास घेतला, त्यांनी घास घेतला. मी पाणी प्यायले, ते थांबले. मी भाकरीचा तुकडा मोडला, त्यांनी मोडला, आणि तोही माझ्याएवढाच. मला वाटलं, योगायोग असेल. मी थांबले. आमटीत बोट फिरवत बसले. आबाही थांबले, ताटाकडं न बघता माझ्या हाताकडं बघत. मग मी भूक नसताना एक घास जास्तीचा घेतला. त्यांनी लगेच घेतला. हे मी आधी बघितलं होतं.

आई आजारी होती तेव्हा मला सोलापुरात नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. शनिवारी संध्याकाळी पॅसेंजरनं कुर्डुवाडीला जायची, सोमवारी पहाटे परत. आईला दोन घासांच्या वर जायचं नाही. उलट्या हातानं ताट पुढं सारायची. आबांनी मग घरात एक नियम केला. दोन ताटं शेजारी शेजारी मांडायची, आणि आबा म्हणायचे, “तू जेवढं खाशील तेवढंच मी खाणार. तू उपाशी तर मी उपाशी.” घासाला घास. आई म्हणायची, “अवो, असं नका करू. दिवसभर लोखंड उचलायचं असतंय तुमाला.” आबा मांडी घालून गप्प बसायचे. मग ती कसाबसा एक घास उचलायची. तिचा हात तोंडाकडं गेला की यांचा जायचा. मला ते बघून रडू यायचं. एवढं प्रेम मी कुणाच्या घरात बघितलं नव्हतं. सगळी कॉलनी आबांचं नाव काढायची.

आणि आता ऐंशीला आलेला माणूस माझ्यासमोर बसून तेच करत होता. सुई मी घेत होते, आणि वजन दोघांचं उतरत होतं.

मी भडकले. माझा स्वभावच तसा आहे. “आबा, मला काही झालेलं नाही. औषध आहे हे! मुद्दाम भूक मारायचं औषध. पैसे मोजून आणलंय. तुम्हीच फ्रीजची राखण करता ना त्याची?”

“म्हाईत हाय की.”

“मग जेवत का नाही?”

“मला भूक न्हाय.”

“मी जास्तीचा घास घेतला की कशी लागते?”

उठून गेले. आबांना उत्तर द्यायचं नसलं की ते उठून जातात, कोपऱ्यातली चप्पल नीट लावायला लागतात.

मी सगळं करून बघितलं. माझं ताट त्यांच्या आधी उरकून टाकलं, तर म्हणाले, मी आज बसत नाही. ऑफिसला जाताना त्यांचा डबा भरून ठेवला, तर संध्याकाळी तसाच. रागावले, रडले, बोलायचं बंद केलं. आठवडा गेला आणि ते बाथरूमकडं जाताना भिंतीला हात धरून चालायला लागले. सुई सोडून द्यावी असं रोज वाटायचं. पण औषध आठवडाभर अंगात राहतं, सोडलं तरी भूक काही दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहत नाही. आणि खरं सांगायचं तर वजन उतरल्यावर मिळालेली गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. मला चालायचं होतं. चाललेच नाही तर यांना उचलणार कोण, असं मी स्वतःला समजवायची, आणि त्यात थोडं खरंही होतं.

शेवटी मी काय केलं ते सांगते. रविवार होता. नवीन वाढीव डोस सकाळीच टोचला होता. मी मटण आणलं, रस्सा केला, आणि दुपारी दोन ताटं मांडून जेवायला बसले. ठरवूनच बसले होते. अर्ध्या भाकरीवर पोट म्हणालं, बास. मी खात राहिले. घास तोंडात फुगायचा, पाण्याबरोबर ढकलायची. समोर आबा घासाला घास खात होते. एक भाकरी झाली. पोटात अन्न दगडासारखं बसलेलं, पुढं सरकतच नव्हतं, पण आबांच्या कपाळावर कितीतरी दिवसांनी घाम आलेला दिसला, जेवल्याचा घाम. मी अजून चतकोर घेतली. त्यांनी घेतली. आईशप्पथ सांगते, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं.

मग मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली, बादलीत नळ पूर्ण सोडला आणि सगळं बाहेर काढलं. परत परत. पाण्याचा आवाज मोठा होता, म्हणजे बाहेर काही जाणार नाही अशी माझी समजूत. तोंड धुतलं, चूळ भरली, पदरानं तोंड पुसून दार उघडलं. दारात आबा उभे होते. भिंतीला हात लावून, पांढरेफटक.

“नळ कशाला सोडलास?”

“बादली भरत होते.”

“ती बी असंच म्हणायची,” आबा म्हणाले.

मला कळलं नाही, आणि कळलंही. मी पलंगावर जाऊन बसले. आबा खाली फरशीवर बसले, भिंतीला टेकून. वर बसा म्हटलं तर मान हलवली.

“मला आयकू यायचं,” आबा म्हणाले. “पाण्याखालनं बी आयकू यायचं. मी उपाशी ऱ्हाऊ नये म्हणून खायाची. मग आत जाऊन वकायची, नळ सोडून. बाहेर आली की म्हणायची, पाणी भरत हुते.”

आई हे करत होती हे मला माहीत नव्हतं. मी शनिवारची पाहुणी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, “तुम्ही पण तिच्यासाठी उपाशी राहिलात की, आबा.”

आबांनी मान हलवली. “न्हाय ऱ्हायलो.”

“म्हणजे?”

“कामावर कँटीन हुतं की. तितं खायाचो. पोटभर. लाज वाटायची, पर भूक लागायची. हातात हातोडा असला की भूक आयकत न्हाय कुणाचं. घरी यायचो तवा पोट भरलेलं असायचं. आन् तिच्यापुढं उपाशी म्हणून बसायचो.”

मला सगळं परत दिसलं. ती क्वार्टरमधली दोन ताटं, आबांची मांडी, आईचा उचललेला हात. भरलेल्या पोटाचा माणूस समोर बसलाय आणि ती त्याच्या भुकेसाठी एकेक घास नरड्याखाली ढकलतेय. आज मला माहीत होतं तो घास कसा जातो. अगदी आत्ताच माहीत झालं होतं. राग आला मला. इतका की आबांकडं बघवेना.

“मग सांगायचं होतं तिला!” मी म्हणाले. “सांगायचं, मी जेवून आलोय, तू राहू दे. सुटली असती ती.”

“कशी सुटली असती? डागदर म्हणायचा, खाऊ घाला, अंगात कायतरी जाऊ द्या. मी सांगितलं असतं तर दोन घास खात हुती ते बी सोडलं असतं. रोज ठरवायचो, आज सांगतो. मग ती घास उचलायची, आन् मला वाटायचं, खातीया की. आजचा दिवस खाऊ दे.” आबांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. “गेली तवा बी कॉलनीतली मानसं म्हणली, बायकूसंगं उपाशी ऱ्हायला. मी गप.”

“आणि आता?”

“आता खरंच खायाचं न्हाय म्हटलं. तू खाशील तेवढंच. तवा फसवलं तिला. ह्या बारीला फसवायचं न्हाय.”

“आबा, मी आई नाही.”

“म्हाईत हाय की मला. डोस्कं ठिकाणावर हाय माझं,” आबा जरा चिडूनच म्हणाले. “पर तू ताट सारतीस ना, तवा हात तिचाच असतोय.”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. या औषधावर जबरदस्तीनं खायचं नसतं, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, वरून ढकललं की ते उलटणारच. डोस एक पायरी खाली आणला, ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली. वडिलांचं काय ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याकडं त्यावर औषध असतं असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या केल्या, आमटी केली, शेंगाची चटणी काढली आणि एकच ताट वाढलं. ते आबांपुढं ठेवलं आणि रिकाम्या हातानं त्यांच्यासमोर बसले.

आबांनी ताटाकडं बघितलं. “तुझं?”

“मला नको. मला दुखत नाही, मळमळत नाही, मी मरत नाही. भूक नाही, एवढंच. तुम्ही जेवा, मी नुसती बसते.”

“असं कसं जेवू गं? तू नुसती बसनार, आन् मी तुझ्यादेखत…”

“तसंच जेवायचंय. माझ्यादेखत. चोरून नाही, आणि उपाशी पण नाही.”

आमटीवर साय धरली. आबा हात मांडीवर ठेवून बसलेले. मी हलले नाही. माझा गुडघा भरून आला, तरी हलले नाही. शेवटी त्यांनी भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घातला आणि तसाच ठेवला, चावेनात. माझ्या हाताकडं बघत होते. माझे हात मांडीवर होते, ते उचलणार नव्हते. मग जबडा हलायला लागला. गिळला. दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला थांबले नाहीत. हळूहळू त्यांचा हात भरभर चालायला लागला, भाकरी कुस्करून आमटीत कालवली आणि वर्कशॉपातल्या पाळीवरनं आलेला माणूस जेवतो तसे ओणवे होऊन जेवायला लागले.

“लई भूक लागती गं मला,” तोंडात घास असताना आबा म्हणाले. “तवा बी लई लागायची.”

मी आमटी वाढली. अर्ध्या जेवणावर त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांनी वर बघितलं. माझ्या बसलेल्या गालांकडं, वर आलेल्या हाडांकडं.

“तुला राग न्हाय ना आला?”

मला आबा असं काही कधी विचारत नाहीत. हे कुणाला विचारलंय ते मला कळलं. माझा राग अजून पोटात तसाच होता, कालचा, ताजा. तिच्या वतीनं काही बोलायचा मला हक्क होता की नाही, ते मला आजही माहीत नाही. पण घरात उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

“न्हाय की,” मी म्हणाले. “राग कशाचा? खावा तुमी पोटभर.”

आबांनी मान खाली घातली आणि ताटातलं सगळं संपवलं. मग त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली.